थेरपिस्ट म्हणते बाउंड्री घाल, आणि मला आईचा आवाज ऐकू येतो

पत्र थोडक्यात: वाचक ४१ वर्षांच्या, पुण्यात आयटीत नोकरी, नवरा आणि नववीतला मुलगा. आई ७३ वर्षांची, कराडच्या पुढे एका गावात एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. दिवसा एक बाई येते, रात्री कुणी नाही. थोरला भाऊ कॅनडात, तो पैसे पाठवतो पण फोन क्वचित करतो. लेकीकडे कायमचं यायला आई तयार नाही, "जावयाच्या दारात नाही मी पडून राहायची" म्हणते. म्हणून या दर शनिवारी गावाला जातात, रविवारी रात्री परत. काही महिने एका ॲपवरून थेरपी चालू आहे, थेरपिस्ट गुरुग्रामची, वयाने लहान, सेशन इंग्रजीत. घरात भिंतीला कान, म्हणून सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात. थेरपिस्टने सांगितलं की भावाचं ओझंही तुम्हीच वाहताय, हा गिल्ट तुमचा नाहीच, बाउंड्री घाला, रात्रीचे फोन बंद करा. यांनी दोन संध्याकाळी फोन उचलला नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग आई एवढंच म्हणाली, "असू दे, कामात असशील." त्या रात्री दीड वाजता यांनी ॲपच्या चॅटवर थेरपिस्टला लिहिलं, की आई एकदाची गेली तर सगळे सुटतील, तीही आणि मीही. सकाळी उत्तर आलं, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि पुढे एक हार्ट. तेव्हापासून या सेशन पुढे ढकलतायत. विचारतात, मी वाईट मुलगी आहे का, थेरपी हा प्रकार आपल्या लोकांसाठी नाहीच का, आणि थेरपिस्ट बदलू की सगळंच बंद करू?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. लगेच बंद करू नका आणि लगेच बदलूही नका. एक सेशन घ्या, आणि मला जे पत्र पाठवलंत तेच तिला वाचून दाखवा, इंग्रजी करत न बसता मराठीतच वाचा आणि मग अर्थ सांगा. त्यावर ती काय करते ते बघून बदलायचं का ते ठरवू. आत्ता तुम्ही तिला जे सांगितलंच नाहीये त्यावरून तिला नापास करताय, आणि तिने जे विचारलंच नाही त्यावर तुम्हाला सल्ला देऊन बसलीये, म्हणजे हिशोब दोन्हीकडून अर्धवट आहे.

पुढे जायच्या आधी एक प्रश्न, जो खरं तर त्या सकाळी हार्टच्या जागी यायला हवा होता. ते वाक्य लिहिताना मनात आईला काही करावं, किंवा स्वतःचं काही बरंवाईट करावं असं आलं होतं का? पत्रावरून तसं वाटत नाही, मला त्यात एक थकलेली बाई दिसते. पण तसं असेल किंवा पुढे कधी आलं तर सेशनची वाट बघू नका, टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा. मानसिक आरोग्याची सरकारी फोन-सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, रात्री दीडलाही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. हे सगळ्याच वाचकांसाठी लिहितेय.

आता वाईट मुलगी. तुमच्या मनात एक वाक्य आलं आणि तुम्ही ते प्रत्यक्ष केल्यासारखी शिक्षा भोगताय. विचार आणि कृती एकाच तागडीत टाकायची ही जी सवय आहे तिच्यावर शाफ्रान आणि रॅकमन वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९९६ च्या सुमाराला बरंच काम केलं, मुख्यतः ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार पुन्हापुन्हा येत राहण्याच्या आजाराच्या संदर्भात: वाईट विचार आला म्हणजे वाईट काम केल्याइतकंच पाप लागलं, किंवा नुसतं मनात आलं म्हणून ते घडायची शक्यता वाढली. तुम्हाला ओसीडी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पत्रावरून कुणी असली निदानं करू नयेत. पण ही सवय तर आपल्याकडे घरोघर आहे. "असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते" हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो.

आणि गंमत बघा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्या बायका गावाकडे "देवा, सोडव रे आता हिला" हे उघड म्हणतात, देवासमोर हात जोडून म्हणतात, शेजारणी मान डोलावतात, कुणी त्यांना वाईट ठरवत नाही. तुम्ही जवळपास तेच वाक्य इंग्रजीत एका ॲपवर टाईप केलंत आणि ते गुन्ह्याची कबुली वाटायला लागलं. वाक्य तेच, पण तिकडे ते ऐकणारी माणसं शेजारीच बसलेली असतात आणि तुमच्यासमोर फक्त दोन निळ्या टिका होत्या.

इथे ऑनलाइनपणाचा भाग येतो, त्यावर जरा थांबूया. रात्री दीडला आपण स्क्रीनवर जे लिहितो ते समोरासमोर कधीच बोललो नसतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये याच्यावर एक लेख लिहिला, तो अजूनही या विषयात पहिल्यांदा वाचायला सांगतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आपला त्याला दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, त्यामुळे जीभ सैल सुटते, आणि मुख्य म्हणजे लिहून पळून जाता येतं. थेरपीत हे एका अंगाने फार उपयोगी आहे, महिनोन्‌महिने जे बाहेर आलं नसतं ते एका रात्रीत येतं. दुसऱ्या अंगाने त्रासदायक, कारण खोलीत बसून बोलला असतात तर बोलताक्षणी तिचा चेहरा बघायला मिळाला असता, ती दचकली नाही हे दिसलं असतं, आणि उरलेल्या अर्ध्या तासात तुम्ही दोघी मिळून त्या वाक्याभोवती फिरला असतात. इथे तुम्ही एकटीने ते लिहिलंत, एकटीने रात्र काढलीत, आणि सकाळी एक इमोजी आला. लाज वाटणारच. तिलाही दोष किती द्यायचा, सकाळी उठल्यावर तिच्या इनबॉक्समध्ये असे कितीतरी मेसेज असतील, घाईत तिने धीर द्यायचा प्रयत्न केला. पण "स्वाभाविक आहे" म्हणून विषय मिटवला की माणसाला वाटतं हिने वाचलंच नाही नीट.

म्हणून पहिलं काम: सेशनच्या आधी तिला एक ओळ पाठवा, "त्या रात्रीच्या मेसेजबद्दल बोलायचंय, मी त्यामुळेच टाळतेय." एवढंच, खुलासा देऊ नका. ही ओळ गेली की सेशनमध्ये विषय काढायचा कसा हा प्रश्न राहत नाही. आणि चॅटबद्दल तिच्याशी नियम ठरवून घ्या: रात्री लिहिलेलं ती कधी वाचते, त्यावर तिथेच उत्तर देते की सेशनसाठी ठेवते. हे बहुतेक लोक विचारतच नाहीत.

आता गिल्टकडे येते. तुमच्या पत्रात आणि थेरपिस्टच्या सल्ल्यात एक गोष्ट सारखी आहे, दोघीही अपराधीपणा हा एकच गोळा धरताय. तुम्ही म्हणताय तो खरा, ती म्हणतेय तो खोटा. मला तो एक गोळा दिसतच नाही. त्या दोन संध्याकाळी घ्या. आईला न सांगता फोन उचलायचा बंद केला, ती वाट बघत बसली, हे बोचतंय, आणि बोचायलाच हवं, कारण ती तुम्ही केलेली एक ठराविक गोष्ट आहे आणि दुरुस्त करता येण्यासारखी आहे. त्याच्याच शेजारी दुसरं काहीतरी बसलंय: मी रोज तिथे नाही, माझी नोकरी आहे, मुलाचं पुढच्या वर्षी दहावीचं वर्ष आहे. यात तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, इथे तुमची मर्यादा आहे आणि तिचं तुम्हाला वाईट वाटतंय. तिसरं, गावातले लोक काय म्हणत असतील. चौथं, ते दीड वाजताचं वाक्य, ज्याच्याबद्दल वर बोललो. या चारही गोष्टींना तुम्ही गिल्ट म्हणताय आणि तिने चारही एका झटक्यात "तुमचा नाहीच" म्हणून उडवून लावल्या. त्यामुळे जी खरी होती तीही उडाली, आणि तुमच्या मनाला ते पटलं नाही, ते न पटणं अगदी बरोबर होतं.

जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं अपराधीपणा आणि शरम यांच्यातला फरक अभ्यासलाय. ढोबळ मानाने असं, की अपराधीपणा एखाद्या कृतीबद्दल असतो, मी हे चुकीचं केलं. शरम अख्ख्या स्वतःबद्दल असते, मीच तशी आहे. पहिल्यातून माणूस माफी मागायला, भरपाई करायला जातो. दुसऱ्यातून लपतो, टाळतो, नाहीतर उलटा चिडतो. आता तुमचं बघा. आईचा फोन न उचलल्याचं वाटलं तेव्हा तुम्ही तिला परत फोन केलात. "वाईट मुलगी" वाटलं तेव्हा सेशन ढकलायला लागलात. थेरपीत घालवायची असेल तर ही दुसरी गोष्ट घालवा, पहिलीला हात लावू नका.

याच्याशी जोडून एक आपल्याकडची गोष्ट. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची आरईबीटी, म्हणजे अविवेकी हट्ट ओळखून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, महाराष्ट्रात रुजवली ती कि. मो. फडके यांनी, त्यामुळे इथल्या बऱ्याच समुपदेशकांच्या बोलण्यात तुम्हाला "पाहिजेच" हा शब्द सारखा ऐकू येईल. "मी आईचं करावं असं मला वाटतं" ही इच्छा, आणि "मी प्रत्येक वेळी, प्रत्येक फोनला हजर असलंच पाहिजे, नाहीतर मी नालायक" हा हट्ट. एलिस मूल्य सोडा असं म्हणत नाहीत, त्या मूल्याला चिकटलेला हट्ट सोडा म्हणतात, आणि चूक झाली तर खंत वाटू द्या, पण स्वतःला शिव्या घालू नका असं म्हणतात. तुमच्या थेरपिस्टने हट्टाच्या जागी मूल्यालाच कात्री लावली असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न, थेरपी आपल्या लोकांसाठी नाहीच का. हा प्रश्न बरेच जण विचारतात, कधी खरोखर अडलेले असतात म्हणून, कधी थेरपी सोडायला चांगलं कारण मिळतं म्हणून, तुमचं कुठलं ते तुम्हीच बघा. पण त्याच्यामागे एक खरी गोष्ट आहे. जोन मिलर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक अभ्यास छापला, अमेरिकेतलं न्यू हेवन आणि आपलं म्हैसूर. लोकांना प्रसंग दिले: कुणालातरी मदत हवीये, कधी जीवावर बेतलेलं, कधी मध्यम, कधी अगदी किरकोळ, आणि मागणारा कधी आपलं मूल, कधी मित्र, कधी परका. मदत नाकारली तर? जीवावर बेतलेलं असेल तर दोन्हीकडचे म्हणाले की नाकारणं चूक. पण गरज किरकोळ असली तर अमेरिकन लोक बऱ्याचदा म्हणाले, तो ज्याचा त्याचा प्रश्न. म्हैसूरचे लोक किरकोळ गरजेलाही कर्तव्य म्हणाले. म्हणजे जे एकीकडे "माझी मर्जी" या खात्यात जातं ते आपल्याकडे सरळ नीती-अनीतीच्या खात्यात जमा होतं. "आज रात्री फोन नाही घेतला" हे तुमच्या थेरपिस्टच्या पुस्तकांत मर्जीच्या खात्यात आहे. ती गुरुग्रामची असली तरी पुस्तकं न्यू हेवनकडची आहेत.

आणि आईची बाजू तर आणखी वेगळ्या खात्यातली. रिचर्ड श्वेडर हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ भुवनेश्वरला जाऊन राहिले, तिथल्या लोकांना त्यांनी निरनिराळ्या वागण्यांची यादी दिली आणि कोणतं किती वाईट ते विचारलं. सगळ्यात वाईट गणलेल्यांत एक होतं, वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि चिकन खाल्लं. तुम्ही-आम्ही वाचतानाच चपापतो, पण तीच यादी शिकागोत दिली तेव्हा तिथल्या लोकांना यात नेमकं कुणाचं काय बिघडलं ते कळलं नाही. यावरून पुढे त्यांनी म्हणलं की नीतीच्या भाषा निदान तीन असतात: एक व्यक्तीच्या हक्कांची आणि इजेची, एक नात्यांतल्या कर्तव्याची, एक पावित्र्याची आणि मर्यादेची. तुमची आई "जावयाच्या दारात नाही" म्हणते तेव्हा तुम्हाला तो हट्ट वाटतो, थेरपिस्टला बहुतेक इमोशनल ब्लॅकमेल वाटत असेल. मला वाटतं ती तिसऱ्या भाषेत बोलतेय. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी पिढी आपण बघितलीये. तिच्या लेखी तो तिचा मान आहे, आणि आता हाड मोडल्यावर, वॉकर हातात आल्यावर, उरलेल्या थोड्या मानांपैकी एक आहे.

पण थांबा, आता उलट्या बाजूला पण पडू नका. "आपली संस्कृती वेगळी" हे वाक्य घरात जो जास्त राबतो त्याच्याच पाठीवर पडतं, आणि ती बहुतेक वेळा बाई असते. म्हैसूरच्या नियमाने कर्तव्य सगळ्यांचं असतं, मग कॅनडातल्या दादाचं "पैसे पाठवतो ना" एवढ्यावर कसं भागतं? आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही, फरक नाही. कायद्याची धमकी द्या असं मी म्हणत नाहीये, पण तुमच्या पत्रात जिथे जिथे भाऊ येतो तिथे वाक्य अर्धवट सुटतं, "दादाचं काय, त्याचं आपलं…" असं. हा राग थेरपिस्टने तुमच्या डोक्यात घातलेला नाही. न्याय ही काही परदेशातून आलेली चीज नाही, भावाबहिणीत वाटणी सारखी झाली नाही तर गावात दोन-दोन पिढ्या बोलणं बंद होतं हे आपण बघतोच. तेव्हा तुमची लढाई थेरपिस्टच्या मूल्यांशी नाहीये. कर्तव्य, न्याय आणि आईचा मान, तिन्ही तुमच्याच आहेत आणि तिन्हींची आपसात भांडणं चाललीयेत.

थेरपिस्टने यातली एकच उचलली. तसं का होतं हेही सांगते, कारण ते वाचून तुमचा तिच्यावरचा राग कदाचित थोडा निवेल. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडलं की नैतिक निवाडा आधी आतून पटकन येतो, कारणं आपण मागाहून गोळा करतो. हे पेशंटला लागू आहे तसं थेरपिस्टला पण आहे. "भाऊ परदेशात, बहीण दर शनिवारी एसटी पकडते" एवढं ऐकल्यावर कुठल्याही तरुण मुलीच्या आत जी घंटा वाजते ती तिच्या आत वाजली, आणि तिने जे सांगितलं ते त्या घंटेचं उत्तर होतं. खोलीत बसलो असतो तर ही घंटा थोडी उशिरा वाजते, कारण आई बाहेर बाकड्यावर बसलेली असते, तुम्ही मधेच उठून तिला पाणी देता, तिचा पदर नीट करता, आणि आम्हा समुपदेशकांना न सांगता कळतं की हे नातं नुसत्या ओझ्याचं नाही. तुमच्या थेरपिस्टला काय दिसतं? गाडीच्या सीटचं डोकं, तुमचं अर्धं कपाळ, आणि बेसमेंटच्या रेंजमुळे महत्त्वाच्या वाक्याला अडकलेला व्हिडिओ. आई तिच्यासाठी फक्त तुमच्या तक्रारीतलं एक पात्र आहे.

म्हणून एखादं सेशन शनिवारी दुपारी गावाहून घ्या. आई झोपली की ओसरीवर बसा, रेंज असेल तिथे. आईला कॅमेऱ्यासमोर आणायचं नाही, ते तिच्या संमतीशिवाय बरोबर नाही, पण घर दिसू दे, वॉकर दिसू दे, संडासाकडे जाणारी ती एक पायरी दिसू दे जिच्याबद्दल तुम्ही मला लिहिलंत आणि तिला कधीच सांगितली नाहीत.

भाषेचं मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिलंय की सेशनमध्ये सगळं अगदी क्लिअर वाटतं, लिफ्टने वर येईपर्यंत टिकतं आणि आईचा फोन आला की विरघळतं. तुम्ही याला स्वतःचा कमकुवतपणा म्हणताय. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, त्यात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना तो प्रसिद्ध पेच दिला, पाच जणांना वाचवायला एका माणसाला पुलावरून ढकलाल का. पेच स्वतःच्या भाषेत वाचला तेव्हा कमी लोक ढकलायला तयार झाले, मागाहून शिकलेल्या भाषेत वाचला तेव्हा जास्त. माणसं तीच, पेच तोच. एक समजूत अशी आहे की परक्या भाषेत भावना तेवढ्या जवळ येत नाहीत. आता आपलं इंग्रजी अगदी परकं नाही, तुम्ही दिवसभर त्यात काम करता, त्यामुळे अभ्यास जसाच्या तसा लागू करू नका. पण ऑफिसच्या भाषेत आईचा निर्णय घेतला तर तो ऑफिसच्या निर्णयासारखा सोपा वाटणार, आणि नंतर "असू दे, कामात असशील" हे मराठीत कानावर पडलं की कोसळणार, यात मला काही नवल वाटत नाही. याचा अर्थ इंग्रजीतला निर्णय खोटा आणि मराठीतला खरा असाही नाही. भाऊ काय करत नाहीये हे तुम्हाला इंग्रजीतच नीट दिसलं, ते अंतर कामाचं होतं. फक्त ठरवलेली गोष्ट सेशन संपायच्या आत एकदा मराठीत मोठ्याने म्हणून बघा, आईला म्हणाल त्याच शब्दांत. "आई, मी रात्री फोन उचलणार नाही" हे तोंडातून निघत नसेल तर ते तिथेच थेरपिस्टला सांगा, की हे निघत नाहीये, का ते बघूया.

जे स्वतः ऑनलाइन समुपदेशन करतात त्यांनाही माझं एवढंच म्हणणं आहे, की बाउंड्री हा शब्द काढायच्या आधी विचारा, तुम्हाला कशाचं वाईट वाटतंय, नेमक्या कुठल्या गोष्टीचं, आणि तुमच्या घरात कोण याला चूक म्हणेल आणि का. आणि समोरची व्यक्ती एकदम पटल्यासारखी मान हलवायला लागली तर स्क्रीनवर त्याचा फार आनंद मानू नका, मान हलवून कॉल बंद करणं फार सोपं असतं.

मग बदलायचं कधी? हे सगळं सांगूनही तिने तेच वाक्य परत म्हणलं, किंवा आईला नाव ठेवायला लागली, किंवा उलट तुम्ही म्हणाल त्याला हो हो करत राहिली, तर बदला, आणि मराठी बोलणारी व्यक्ती शोधा. ऑनलाइनचा हा तर फायदा आहे, कराडात बसून ठाण्याचा माणूस मिळतो. शोधताना शिक्षण विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर मागा, विचारायला लाजू नका. समुपदेशक ही पाटी मात्र आपल्याकडे बऱ्यापैकी कुणीही लावू शकतं. तुम्ही चॅटवर जे लिहिलंत ते कुठे साठतं तेही विचारा. अमेरिकेत २०२३ मध्ये बेटरहेल्प या मोठ्या थेरपी ॲपवर तिथल्या एफटीसी या ग्राहक-संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई केली, लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरे कंपन्यांना दिली म्हणून, आणि ७८ लाख डॉलर द्यायला लावले. म्हणजे काळजी अगदीच फुकटची नाही.

राहिलं घरचं. आईला त्या दोन संध्याकाळींबद्दल सांगून टाका, सगळं नाही, एवढंच की थकले होते म्हणून उचलला नाही, तुला आधी सांगायला हवं होतं. बाउंड्री घालायला माझी ना नाहीच, ती आईला न सांगता घातली एवढंच चुकलं. फोनची वेळ ठरवा, आणि त्या वेळेबाहेर फोन आला तर तो पडझडीचा किंवा तब्येतीचा असेल असं दोघींत ठरवून घ्या, म्हणजे रिंग वाजली की तुमच्या पोटात गोळा येणं कमी होईल.

लेकीकडे न येण्याबद्दल तिच्याशी वाद घालत बसू नका, तिच्या मानाला जागा ठेवून काय जमतं ते विचारा. मला माहीत असलेल्या एका घरात आजी लेकीच्या सोसायटीतच खालच्या मजल्यावर वन आरके भाड्याने घेऊन राहतात, भाडं स्वतःच्या पेन्शनमधून देतात, आणि नातवाला चहाला "माझ्या घरी" बोलावतात. दुसऱ्या एकीच्या आईने दुधाचं बिल मी भरणार या अटीवर मुक्काम मान्य केला. तुमची आई यातलं काही मानेल की नाही मला माहीत नाही, पण "चल ना गं" आणि "नाही येत जा" याच्या मधे बरंच काही असतं. नाहीच आली तर रात्रीची बाई बघा, कराडात ब्युरो नसेल तर दिवसाच्या मावशींनाच विचारा, त्यांची कुणी नात्यातली असते बऱ्याचदा. आणि ती एक पायरी आधी काढून टाका बाई, गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे, मानसशास्त्र नंतर.

भावाशी बोलताना "तुला काही वाटतं का" असं सुरू करू नका, वाटतं का नाही यावर दोन तास जातील. काम मागा. रात्रीच्या बाईचा पगार त्याने थेट तिच्या खात्यात पाठवायचा, तुमच्यामार्फत नाही. वर्षातून तीन आठवडे त्याने येऊन राहायचं, तारखा आत्ता ठरवायच्या, आणि ते तीन आठवडे तुम्ही गावाला जायचं नाही. आणि आठवड्यातले चार दिवस रात्रीचा फोन त्याचा. तो टोरांटोच्या बाजूला असेल तर आपले रात्रीचे आठ म्हणजे त्याचे सकाळचे साडेनऊ-साडेदहा, कॉफी पिता पिता होतं. वेळ मात्र तुम्ही दोघांनी परस्पर ठरवू नका, आईला विचारा, ती बहुतेक सीरियल संपल्यावर म्हणेल.